जेबीएम बॅलिस्टिक्स: दिसायला जुनाट, कामाला एकदम चोख

इकडे टेक्ससमध्ये पॉइंट टू-टू (छोट्या गोळीची .22 रायफल) घेतलेले मराठी लोक बरेच दिसतात रेंजवर आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, स्कोप ५० यार्डला झिरो केला, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच ठिकाणी पडेल असा लावला, तर मग १०० ला गोळी नक्की किती खाली जाणार? गोळ्यांच्या डबीवर वेग छापलेला असतो पण तो कंपनीच्या टेस्ट बॅरलमधला, तुमच्या रायफलचा असेलच असं नाही.

त्यासाठी जेबीएम बॅलिस्टिक्सची साइट वापरा. फुकट आहे, लॉगिन नाही, काही नाही. पान बघून सरकारी फॉर्म आठवेल, मोबाइलवर तर बोटांनी मोठं करत बसावं लागतं, म्हणून लॅपटॉपच बरा. लायब्ररीतून गोळी निवडायची, मग मझल व्हेलॉसिटी (नळीतून बाहेर पडतानाचा वेग), झिरोचं अंतर, तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची वगैरे भरायचं की खाली अख्खा तक्ता येतो. ड्रॉप, म्हणजे गोळी किती खाली जाते ते, इंचात पण आणि एमओएमध्ये (कोनाचं माप, १०० यार्डला साधारण एक इंच) पण, त्यामुळे स्कोपचे क्लिक मोजायला डोकं लावावं लागत नाही.

मी सीसीआय कंपनीची स्टँडर्ड गोळी टाकली, वजन ४० ग्रेन, १०७० फूट सेकंदाला. स्कोप बंदुकीच्या नळीपासून दीड इंच वर, झिरो ५० यार्ड. २५ ला गोळी जेमतेम पाव इंच वर, ७५ ला अडीच इंच खाली आणि १०० ला सात-साडेसात इंच खाली! म्हणजे ५० च्या आत डोळे झाकून मारा, १०० ला मात्र एका क्लिकला पाव एमओए सरकणाऱ्या स्कोपला २७-२८ क्लिक फिरवायचे. स्कोपची उंची मात्र नीट मोजून टाका हं, नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत, लोक इथेच अंदाजपंचे मारतात आणि मग साइटला शिव्या घालतात. फॉर्ममध्ये आधीपासून भरलेले आकडे पण तसेच ठेवू नका, ते टू-टू साठी नसतात.

मजा वाऱ्यात आहे. ताशी १० मैलांचा आडवा वारा धरला तर ही हळू गोळी १०० यार्डला साडेतीन-चार इंच सरकते, आणि १२३५ च्या वेगाची सीसीआयचीच मिनी-मॅग गोळी टाकून बघा, ती जास्त सरकते. जोरात जाते म्हणून कमी हलेल असं वाटतं ना, पण आवाजाच्या वेगाच्या वरून खाली येताना ती पटापट वेग गमावते आणि तिथेच मार खाते.

आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मारलं ते पण पॉइंट टू-टू नेच, पण तिथे अंतर कायम ५० मीटर, त्यामुळे फक्त तेवढंच खेळणाऱ्याला या तक्त्याचा फारसा उपयोग नाही. वेगवेगळ्या अंतरावर स्टीलच्या प्लेटा वाजवणाऱ्यांनी मात्र वापराच. कुणा मित्राकडे क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर खरा वेग मोजून टाका, मग कागदावर ५० आणि १०० ला पाच-पाच गोळ्या मारून ताडून बघा, जुळलं की तक्ता प्रिंट करून रायफलच्या बटवर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागावर, चिकटवून टाका.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा मोबाइलमुळे कापला.