मागचं चाक, डिश गेज आणि आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी माझ्या हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेल्या) माउंटन बाइकचं मागचं चाक डावीकडे झुकलेलं दिसायला लागलं. वर ब्रिजपाशी, म्हणजे सीटस्टे (सीटखालून मागच्या एक्सलकडे उतरणाऱ्या दोन नळ्या) जोडणाऱ्या आडव्या पट्टीपाशी, टायर आणि डावा सीटस्टे यांच्यात जेमतेम चार मिलिमीटर जागा, उजवीकडे नऊ. चिखलातून गेलं की डाव्या सीटस्टेचा रंग खरवडून निघायचा आणि मागच्या ब्रेकची डिस्क पॅडला एकसारखी घासायची. तेव्हा मी तीन गोष्टी घेतल्या: स्पोक पाना, घडीचा ट्रूइंग स्टँड (चाक लावून सरळ करायचा) आणि डिश गेज (रिम चाकाच्या मधोमध बसली आहे का ते मोजायचं साधन). तिन्ही नियमित वापरात आहेत, म्हणून आता लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते, कारण डिश गेजचं मोल त्या चुकीमुळेच कळलं. गेज हातात यायच्या आधीच मी पाना चालवला होता. सायकल उलटी करून रिमचं अंतर बघायला सीटस्टेला दोन केबल टाय बांधले, उजवीकडचे सोळा स्पोक पाव-पाव फेरा घट्ट केले, डावीकडचे तितकेच सैल केले आणि ब्रिजपाशी टायर मधोमध येईपर्यंत हेच करत राहिले. वर मधोमध आलं खरं, पण खाली चेनस्टेपाशी (पेडलकडून मागच्या एक्सलकडे येणाऱ्या नळ्यांपाशी) टायर आता उजवीकडे सरकला होता. आधी तिथे तो बरोबर मध्यात होता, आणि हे मी सुरुवातीला पाहिलंच नव्हतं.

डिश चुकलेली असली, म्हणजे रिम हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) दोन्ही टोकांच्या नटांच्या, म्हणजे लॉकनटांच्या, मधोमध नसली, तर टायर सीटस्टेपाशी आणि चेनस्टेपाशी एकाच बाजूला, सारखाच सरकलेला दिसतो. फक्त वर सरकलेला आणि चेनस्टेपाशी ठीक असेल तर एक्सलचं एक टोक ड्रॉपआउटमध्ये (फ्रेममधल्या एक्सल बसायच्या खाचेत) खाली राहिलेलं असतं आणि चाकाचा माथा त्याच बाजूला झुकतो. फक्त चेनस्टेपाशी सरकलेला असेल तर एक टोक मागे किंवा पुढे बसलेलं असतं. ड्रॉपआउटमधलं अंतर 135 मिलिमीटर आणि 29 इंची चाक असेल, तर एक्सलपाशी एका मिलिमीटरचा फरक ब्रिजपाशी साधारण अडीच मिलिमीटर होऊन दिसतो. माझं तेच झालं होतं. डाव्या ड्रॉपआउटच्या खाचेत वरच्या बाजूला रंगाचा घट्ट गोळा होता, त्यामुळे एक्सल पूर्ण वर बसतच नव्हता. डिस्क घासत होती तीही त्याच तिरकेपणामुळे.

डिश गेज आल्यावर हिशोब स्वच्छ झाला. गेजचे दोन पाय रिमवर टेकवायचे, मधली सुई लॉकनटला लावायची, मग चाक पालटून दुसऱ्या बाजूने तेच करायचं. दुसऱ्या बाजूला जी फट दिसते ती चुकीच्या दुप्पट असते. मला पाच मिलिमीटर फट मिळाली, म्हणजे मुळात बरोबर असलेलं चाक मी स्वतः अडीच मिलिमीटर बिघडवलं होतं. खात्रीसाठी कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) आणि डिस्क काढून चाक उलटं, कॅसेट (मागची दातेरी चक्रं) डावीकडे येईल असं, फ्रेममध्ये बसवूनही पाहिलं. डिशचा दोष असता तर जास्तीची फट बाजू बदलते, फ्रेमचा असेल तर आहे तिथेच राहते. डिश पूर्ववत केल्यावर माझी फट जागची हलली नाही. मग रंगाचा गोळा बारीक कानसेने घासून काढला, धातूला धक्का न लावता. चाक बसवताना सायकल जमिनीवर उभी करून सॅडलवर भार दिला आणि मग क्विक रिलीज (एक्सल आवळणारी लिव्हर) आवळला. लिव्हर निम्म्यावर आल्यावर जोर लागायला हवा आणि बंद झाल्यावर तळहातावर वळ उमटायला हवा. तेव्हापासून दोन्हीकडे साडेसहा मिलिमीटर आहेत. कॅलिपर मात्र एक्सल सरळ बसल्यावर दोन्ही बोल्ट सैल करून, ब्रेक दाबून धरून पुन्हा आवळावा लागला.

म्हणून माझं ठाम मत: आऊट काढायला, म्हणजे रिमचं डुलणं घालवायला, केबल टाय पुरतात, डिश तपासायला फ्रेम चालत नाही. मोजपट्टीच वाकडी असेल तर माप कशाचं घेणार? तीनपैकी एकच वस्तू घ्यायची तर डिश गेज घ्या. स्टँडमध्ये चाक पालटूनही डिश कळते, पण दर वेळी टायर उतरवून स्टँड मांडायचा कंटाळा येतो. माझ्या गेजचे पाय टायर असतानाही रिमवर टेकतात, काम दोन मिनिटांत होतं.

स्पोक पान्याबद्दल तक्रार आहे. माझा पहिला पाना अनेक मापांचा गोल होता. तो थोडा ढिला बसायचा आणि त्यात दोन निपलांचे (स्पोकच्या रिमकडच्या टोकावरच्या नटांचे) कोपरे गेले. आता निपलच्या मापाचा, 3.23 मिलिमीटरचा पाना वापरते. फिरवण्याच्या दिशेत गोंधळ होतो तो इथे: निपल टायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने घट्ट होतं. सायकल उलटी असेल तर नेहमी चाकाच्या वरच्या टोकाशीच काम करा, म्हणजे दिशा बदलत नाही.

आऊट टिकण्याचा अनुभव असा. पहिल्या दोन राइडमध्ये स्पोक टणटण वाजले आणि चाक पुन्हा एक मिलिमीटर डुललं. स्पोक वळलेल्या अवस्थेत घट्ट झाले होते, ते राइडमध्ये सुटले. दुसऱ्यांदा आऊट काढताना समांतर स्पोकांच्या जोड्या हाताने करकचून दाबल्या, त्यानंतर आवाज आला नाही. तिसऱ्या महिन्यात डावीकडचा एक स्पोक सैल सापडला. मागच्या चाकात कॅसेटला जागा द्यायची म्हणून डावीकडचा ताण मुळातच कमी असतो, त्यामुळे सैल व्हायचे ते आधी तिकडचेच. आज डुलणं अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे आणि डिस्क ब्रेकला तेवढं चालतं.

रिम सरळ असून टायर डुलत असेल तर टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहा. नसेल तर टायर नीट बसलेला नाही. रिम धरून आडवी हलवल्यावर टकटक जाणवली तर आधी हबचे कोन (बेअरिंग धरून ठेवणारे नट) आवळा, नाहीतर घेतलेलं प्रत्येक माप खोटं ठरेल.

12 मिलिमीटरचा थ्रू-एक्सल (आरपार जाणारा एक्सल) आणि 142 किंवा 148 मिलिमीटरचा मागचा हब असलेल्या फ्रेममध्ये खाचेऐवजी बंद भोक असतं, त्यामुळे माझ्यासारखी अडचण तिथे सहसा येत नाही. मात्र काही फ्रेम मुद्दाम असमान बनवतात. कॅननडेल कंपनीच्या एआय (असिमेट्रिक इंटिग्रेशन) फ्रेममध्ये मागची रिम हबच्या मध्यापासून सहा मिलिमीटर डावीकडेच हवी असते. तशी सायकल असेल तर गेजची फट मिटवायला जाऊ नका. आणि अॅल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेमच वाकडी निघाली तर ती वाकवून सरळ करू नका.