सातशे रुपये किलोचं 'इम्पोर्टेड' गवत

सोलापुरात कोण ससे पाळत असेल तर एकदा वाचा, मी पाच महिने येडा बनलो आणि ते पण गवतावर.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा बघून आलो तशी पोरगी सशासाठी हट्टाला पेटली. ६०० ला जोडी मिळाली, म्हटलं स्वस्तात सुटलो. मग पिंजरा घ्यायला शहरातल्या एका दुकानात गेलो, तिथला माणूस लई गोड बोलणारा. म्हणाला, मालक गाजरावर ठेवू नका, सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला सुकं गवतच लागतंय, जेवणात बहुतेक तेच पाहिजे. हे सगळं खरं आहे ओ, नंतर जनावरांच्या डॉक्टरनं पण हेच सांगितलं, त्यामुळंच माझा त्याच्यावर विश्वास बसला. पुढं म्हणतो, पण आपल्याकडच्या गवतानं पोट फुगून मरतात, हे घ्या टिमोथी, अमेरिकेचं, ७०० रुपये किलो. पाकीट म्हणजे साधी पारदर्शक पिशवी, त्यावर कंपनी नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. पावती मागितली तर हसला. मी पण गप बसलो, पोरगी बघायली होती ना.

महिन्याला चार किलो. पाच महिन्यांत १४,००० रुपये. बायकोला मी निम्मंच सांगितलं होतं (आता कळलंय तिला).

जूनमध्ये मंगळवेढ्याचे मामा आले. पिंजऱ्यातली एक काडी उचलली, नखानं पेर दाखवलं आणि म्हणाले, "हे बघ, पेरावर पांढऱ्या केसांचं कडं. हे मारवेल हाय की रं, आपल्या बांधावरचं. कितीला आणलास?" मी आकडा सांगितल्यावर मामा एवढे हसले की चहा सांडला. मग मोबाईलवर टिमोथीचा फोटो शोधून बघितला तर त्याचं कणीस बाजरीच्या बारक्या कणसासारखं गोल लांबट, आणि माझ्या पिशवीत बोटांसारखे फुटलेले तुरे. टिमोथी थंड हवेत येणारं गवत आहे, आपल्या ४२-४३ च्या उन्हात कसलं येतंय.

दुकानात गेलो तर म्हणे "इंडियात पिकवलेलं टिमोथी असंच असतंय". नंतर फोन उचलेना. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार करायची होती पण पावतीच नाही तर काय दाखवू.

आता मामांकडून पेंढ्या येतात, गच्चीवर सावलीत वाळवतो, ओलसर राहिलं तर बुरशी धरतं म्हणून नीट कोरडं झाल्यावरच पोत्यात भरतो. भाडं धरून महिन्याला दीडशेच्या वर जात नाही. मामांनी एवढंच बजावलंय की कोवळी ज्वारी चुकून पण टाकू नको, त्यानं बैल मरतोय तर ससा काय, आणि तणनाशक मारलेल्या बांधाचं घेऊ नको. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको, कॅल्शियम जास्त असतं. उन्हाळ्यात त्याच दुकानदारानं १,२०० ची कूलिंग मॅट पण गळ्यात मारली होती, त्यापेक्षा पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली की दोघं तिलाच टेकून झोपतात.

त्या दुकानदाराच्या गवताच्या दोन पिशव्या अजून शिल्लक आहेत. फेकवत नाहीत, ७०० च्या आहेत ना. मामांच्या गवतात मिसळून टाकतो, ससे दोन्ही सारखंच खायलेत.