रिसोर्स रूम, आठ महिन्यांनंतर: घंटा अजून तिथेच आहे

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या माझ्या मुलाला रिसोर्स रूम, म्हणजे विशेष साहाय्य लागणाऱ्या मुलांसाठीची वेगळी खोली, असलेल्या शाळेत घालून या फेब्रुवारीत आठ महिने झाले. खरे तर वर्षअखेरीस लिहिणार होते. परंतु गेल्या आठवड्यात आलेल्या पावतीत 'विशेष साहाय्य' या नावाखाली तिमाहीला ९,००० रुपयांऐवजी १२,००० रुपये छापलेले होते आणि कारण विचारले असता 'सगळीकडेच वाढले आहे' एवढेच उत्तर मिळाले, म्हणून आजच लिहीत आहे. सयाजीरावांनी १९०६ साली ज्या बडोद्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तिथेच आपण राहतो, हे अशा वेळी उगाच आठवते.

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगते. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) हाताशी होते. ऑटिझमची तीव्रता मोजणाऱ्या आयएसएए चाचणीच्या चाळीस मुद्द्यांत मुलाचे गुण ९४ आले होते, म्हणजे ७० ते १०६ हा 'सौम्य' गट. या एका शब्दाने आमची दोन्हीकडून कोंडी केली. रिसोर्स रूमचे रोज दोन तास मागितले तेव्हा 'सौम्यच आहे, एक तास पुरे' असे सांगण्यात आले, आणि त्याच बैठकीत, वर्गात बसवायचे असेल तर पालकांनी स्वखर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारी व्यक्ती) आणावी, अशी अट घालण्यात आली. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील भेदभावाशिवाय प्रवेश आणि गरजेनुसार सोयी सांगणारे कलम १६ मी छापून नेले होते. मुख्याध्यापिकांनी ते आदराने फाइलला लावले आणि अट कायम ठेवली. जून ते सप्टेंबर दरमहा ११,००० रुपये मोजून आम्ही शॅडो ठेवली.

आता घंटेविषयी. रिसोर्स रूम तळमजल्यावर जिन्याशेजारी आहे आणि शाळेची विजेची घंटा नेमकी तिच्या दारावर बसवलेली आहे. दिवसातून दहा वेळा ती वाजते. आवाजाने ज्यांच्या जिवाचा थरकाप होतो अशा मुलांना शांत करण्यासाठी जी खोली, तिच्याच कपाळावर घंटा! जुलैत मुलगा खोलीच्या उंबऱ्याशी दोन्ही कानांवर हात दाबून उभा राही आणि आत पाऊल टाकत नसे. मिळालेल्या एका तासातली वीस मिनिटे तिथेच जात. घंटा बारा-पंधरा फूट पलीकडे हलवावी, असे तीन अर्ज मी दिले. 'दिवाळीनंतर बघू' असे उत्तर आले, तेव्हा दांडिया बाजारातून ४८० रुपयांची वायर स्वतः आणून दिली. ती 'पालकांकडून वस्तू घेणे नियमात बसत नाही' म्हणून परत आली. शॅडोचे महिन्याला ११,००० मात्र नियमात बसत होते. ती वायर अजून आमच्या माळ्यावर आहे.

इथे मला माझे मत थोडे बदलावे लागले. घंटा हलवल्याशिवाय काही होणार नाही, असे मी धरून चालले होते. स्पेशल एज्युकेटर (विशेष शिक्षिका) असलेल्या बेननी (गुजरातीत 'ताई') मात्र खोलीतील दिनक्रमाच्या पट्टीवर वेलक्रोने एक कार्ड लावले आणि त्यावर छापील चित्र न वापरता याच घंटेचा, गंजलेल्या वाटीसकट, मोबाइलने काढलेला फोटो चिकटवला. घंटेपूर्वी दोन मिनिटे बेन वाळूचे घड्याळ उलटे करतात, मुलगा कार्ड काढून खोक्यात टाकतो आणि दोघे पाण्याच्या नळापर्यंत चालत जातात. जानेवारीत तो पट्टेवाले काकांजवळ जाऊन बटणाकडे बोट दाखवू लागला. शॅडोबद्दलही बेनच स्पष्ट बोलल्या: उत्तर येत असूनही तो आधी तिच्या तोंडाकडे पाहतो, ही सवय मोडली पाहिजे. ऑक्टोबरपासून शॅडो बंद झाली. अट घालणाऱ्यांना हे जूनमध्ये का सुचले नाही, हा प्रश्न ४४,००० रुपयांचा आहे.

आणखी एक गोष्ट याच बेनच्या खात्यात जमा करते. याआधीच्या एका थेरपिस्टने घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, असे सांगितले होते, आणि माझ्या सासूबाई सहा महिने नातवाशी जवळजवळ मुक्याने वागल्या. बेन स्वतः गुजराती. त्यांनी वहीत आमचे 'पाणी', 'नको', 'पुरे', 'आजी' हे शब्द लिहून घेतले आणि दोन भाषांमुळे अशा मुलांचे बोलणे मागे पडत नाही, असे सांगून सासूबाईंना पुन्हा बोलते केले.

म्हणजे बाईंना पैकीच्या पैकी गुण, व्यवस्थेला काठावर पास. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक स्पेशल एज्युकेटर हे प्रमाण सांगितले आहे. आमच्या खोलीत प्राथमिकचीच सतरा मुले आहेत आणि बेन एकट्या. वाढलेले ३,००० रुपये मी भरलेले नाहीत. सोमवारी अर्ज दिला: दुसरी शिक्षिका कधी येणार आणि घंटा कधी हलणार, हे लेखी कळवावे. पोच घेतली आहे, सही-शिक्क्यासह.