आधी जपान की आधी परळ?

आपत्तीतलं वैद्यक शिकायला भाचीला इंटर्नशिपआधी जपानला जायचंय. १९९५ च्या कोबे भूकंपातून धडा घेऊन तिथे २००५ मध्ये आपत्ती वैद्यकीय पथकं उभी राहिली. ती शिस्त बघण्यासारखीच. पण तिथला परवाना नसेल तर हाताची घडी घालून नुसतं बघायचं. खर्च वेगळाच, भाषेचं तर बोलूच नका.

मी म्हणते, आधी एक पावसाळा मुंबईत परळच्या रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात काढ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचे रुग्ण आले. पायाला जखम घेऊन गुडघाभर पाण्यातून आलेल्याला लेप्टो टाळायला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक कधी द्यायचं, हे इथेच अंगवळणी पडतं. गंभीर रुग्ण आधी निवडायची ट्रायाजची पद्धत मात्र दोन्हीकडे शिकता येते.

भाची अजून विमानाची भाडी बघतेच आहे.