स्वस्त दुर्बीण की महाग: साताऱ्यातील पाणवठ्यांवरच्या वापरानंतरचा अनुभव

पक्षीनिरीक्षणासाठी दुर्बीण घेताना दहा-बारा हजारांत भागवावे की दीड-दोन लाखांच्या ऑस्ट्रियन किंवा जर्मन बनावटीपर्यंत जावे, असे साताऱ्यातील नवे निरीक्षक नेहमी विचारतात. माझी स्वतःची दुर्बीण स्वस्तातली, ८×४२ मापाची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली आहे. त्याच मापाची एक महागडी दुर्बीण माझ्या मेहुण्यांनी परदेशी जाताना माझ्याकडे ठेवली, त्यामुळे पावसाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत दोन्ही आलटून पालटून वापरता आल्या.

भर दुपारी, स्वच्छ उन्हात, दोन्हींतील फरक किमतीच्या मानाने फारच थोडा आहे. येरळवाडीच्या तलावाकाठी चिखलात पळणाऱ्या छोट्या कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचे पिवळे कडे दोन्हींतून दिसते. मात्र चमकत्या पाण्यावर उभ्या बगळ्याच्या कडेला स्वस्त दुर्बिणीत जांभळट रेघ उमटते आणि महाग दुर्बिणीत ती जवळजवळ नाहीशी होते. हा ईडी काचेचा गुण आहे, कारण ही काच वेगवेगळ्या रंगांचे किरण फारसे विखरू देत नाही.

खरा फरक दिवस उगवताना आणि मावळताना कळतो. परदेशात शिकारीच्या बंदुकीवरील दुर्बिणी निवडतानाही याच उजेडातील कसोटी महत्त्वाची मानतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, परंतु ही कसोटी निरीक्षकालाही तंतोतंत लागू पडते, कारण पशुपक्ष्यांची खरी हालचाल त्याच वेळी असते. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच मिलिमीटर येतात. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढा रुंद असतो आणि तो माझ्या दोन्ही दुर्बिणींत सारखाच आहे. तरीही सूर्योदयापूर्वी महाग दुर्बिणीतून तेच पिवळे कडे ओळखू येते आणि माझ्या दुर्बिणीतून पक्षी केवळ करडा ठिपका राहतो. ही करामत भिंगांवरच्या आणि लोलकांवरच्या लेपांची आहे. सरळ नळीच्या, म्हणजे रूफ प्रिझमच्या दुर्बिणीत फेज कोटिंग हा लोलकावरचा खास लेप नसेल, तर प्रतिमेची धार बोथट होते आणि स्वस्त दुर्बिणींत नेमकी तिथेच काटकसर झालेली असते. जुन्या धाटणीच्या, खांदे रुंद असलेल्या पोरो दुर्बिणीला या लेपाची गरजच नसते, म्हणून अगदी कमी पैसे असतील तर मी निःसंकोचपणे पोरो सुचवतो, अर्थात पावसात न वापरण्याच्या अटीवर.

पावसाची अट मी उगाच घालत नाही. कोयनेच्या बाजूला मुसळधार पावसात फिरून आल्यावर माझ्या दुर्बिणीच्या आतल्या बाजूने बाष्प धरले आणि ते सुकायला बरेच दिवस गेले. असेच वारंवार झाले, तर काचेवर बुरशी चढते आणि ती काढण्याचा खर्च कधी कधी दुर्बिणीच्या किमतीएवढा होतो. नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण आतून धुरकट होत नाही. त्याखेरीज स्वस्त दुर्बिणीचे फोकसचे चाक काही महिन्यांतच सैल पडले, आणि नेमका पक्षी उडायच्या बेतात असताना ते पुढे-मागे फिरवत बसावे लागते, याचा मनापासून राग येतो.

मात्र एवढ्यासाठी दोन लाख खर्चावेत, असे मी कोणाला सांगणार नाही. पस्तीस-चाळीस हजारांच्या आसपास ईडी काच, फेज कोटिंग आणि नायट्रोजनचे सीलिंग असलेल्या दुर्बिणी मिळू लागतात, आणि माझ्या मते तेथवरचा प्रत्येक रुपया कारणी लागतो. त्यापुढच्या पैशांत मिळते ते मुख्यतः कडेपर्यंत स्वच्छ दिसणारे रुंद दृश्य. ते अतिशय सुखद असते, पण पक्षी ओळखण्यात त्याने फारसा फरक पडत नाही.

मापाबाबत माझे मत ठाम आहे. दहा पटीच्या दुर्बिणीत हात थोडा हलला तरी चित्र थरथरते, शिवाय कासच्या पठारावरच्या वाऱ्यात उभे राहून ती स्थिर धरणे अवघडच जाते. चालत फिरणाऱ्याने ८×४२ च घ्यावी. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे ८×५६ सारख्या जड दुर्बिणीचा ज्यादा प्रकाश बहुधा वाया जातो. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळा आणि भिंग यांतले अंतर किमान १५ मिलिमीटर मिळते का, हे दुकानातच चष्म्यासकट पाहावे, आणि दूरची विजेची तार दोन्ही डोळ्यांनी पाहून ती दुहेरी दिसत नाही ना, याची खात्री करूनच पैसे द्यावेत.