मॅकशेन वाचनक्रम: रोज चार अध्याय, पण कशासाठी?

स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी बायबल वाचनाचा हा क्रम आखला. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. रोजचे दोन अध्याय कुटुंबात वाचायचे, दोन एकांतात. 1 जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांचा पहिला अध्याय येतो; चार आरंभ एकत्र वाचण्याची ही मांडणी फारच सुंदर आहे.

अडचण सुरू होते ती मार्चअखेरीस, जुन्या करारातले नियमांनी भरलेले लेवीय हे पुस्तक लागल्यावर. दिवस चुकतात, थकबाकी साठते, मग एका बैठकीत वीस अध्याय उरकले जातात. वाचल्याच्या खुणा पूर्ण होतात आणि देवाशी बोलणे राहून जाते. मॅकशेन यांनी हा धोका ओळखला होता. नुसता औपचारिकपणा, स्वतःच्या धार्मिकतेचे समाधान, बेफिकीर वाचन आणि न पेलणारे जू, असे इशारे त्यांनी स्वतःच दिले होते. आजच्या ॲपमधली सलग दिवसांची मोजणी नेमकी यातल्या दुसऱ्या धोक्याला खतपाणी घालते. ती बंद करता येत असेल तर जरूर करा.

चुकलेले अध्याय सोडून सरळ आजच्या तारखेवर या. वेळ कमी असेल तर एकांताचे दोनच वाचा. एका वचनावर थांबा, त्यातूनच प्रार्थना करा: कबुली, आभार, मागणे. नव्या विश्वासणाऱ्याला मात्र चार अध्याय जड जातात. त्याने आधी एकच शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचे पुस्तक, जसे मत्तय) सावकाश वाचावे.