क्रॅनबेरीच्या कॅप्सूल: सात-आठ महिने घेतल्यावरचा अनुभव

लघवीचा संसर्ग ज्यांच्या पाचवीलाच पुजलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आधी नुसती कुणकुण, मग जळजळ, दर दहा मिनिटांनी बाथरूम आणि तिथे गेल्यावर चार थेंब. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला की डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. मी त्यातलीच. दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स, आणि तो संपेपर्यंत पोटाचे हाल. म्हणून डॉक्टरांना विचारून क्रॅनबेरी या आंबट लाल फळाच्या कॅप्सूल सुरू केल्या.

फरक पडला. पूर्वी दोन-तीन महिन्यांनी ठरलेला त्रास या काळात एकदाच झाला. पण सगळं श्रेय कॅप्सूलला देता येणार नाही, कारण पाणीही त्याच सुमारास वाढवलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्यावर संसर्गाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. कॅप्सूल घ्या किंवा नका घेऊ, पाण्याला पर्याय नाही.

क्रॅनबेरी काम कशी करते ते एकदा कळलं की अपेक्षाही बेताच्या राहतात. बहुतेक वेळा संसर्ग ई. कोलाय या जंतूमुळे होतो. तो आपल्या बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन्स (थोडक्यात पीएसी) नावाची नैसर्गिक द्रव्यं त्याला चिकटू देत नाहीत. जंतू मात्र मरत नाहीत. त्यामुळे एकदा जळजळ सुरू झाली की दोनाच्या चार कॅप्सूल घेऊन काहीही साधत नाही. मला मध्ये तो एकदा त्रास झाला तेव्हा अँटिबायोटिकच्या आधी कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालेल हे बघणाऱ्या तपासणीसाठी, लघवीचा नमुना दिला आणि रिपोर्टप्रमाणे औषध घेतलं. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं किंवा उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता डबीवरचे आकडे. मी आणलेल्या पहिल्या डबीवर हजारांतला आकडा ठळक होता आणि खाली बारीक अक्षरांत ‘ताज्या फळाच्या तुलनेत’ असं लिहिलेलं, म्हणजे तो आकडा कॅप्सूलमधल्या अर्काचा नव्हे, तितक्या ताज्या फळाचा. पीएसी किती, याचा कुठे उल्लेखच नाही. ती बाजूला ठेवली. बऱ्याच अभ्यासांत दिवसाला ३६ मिग्रॅ पीएसी हे प्रमाण वापरलेलं आहे, म्हणून मी तो आकडा स्पष्ट छापलेली कॅप्सूल निवडली. रिकाम्या पोटी घेतली की मळमळायचं, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर थांबलं.

वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात क्रॅनबेरीवरचे ५० अभ्यास तपासले होते. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका साधारण पाव हिश्श्याने कमी झाला, मुलांमध्ये निम्म्याहून थोडा जास्त. गरोदर स्त्रिया, वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणारे ज्येष्ठ आणि ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही अशा लोकांना मात्र फायदा दिसला नाही. पाळी गेल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर आधी योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल डॉक्टरांशी बोला. माझ्या मते तिथे ते जास्त भरवशाचं आहे.

सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे, कारण ‘फळच तर आहे’ म्हणून लोक विचारतसुद्धा नाहीत. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी क्रॅनबेरी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रक्तस्रावाच्या भीतीने ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००३ मध्येच इशारा दिला होता. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) तपासणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही क्रॅनबेरी घेताय हे माहीत असायलाच हवं. ऑक्झलेटचा मूतखडा होऊन गेला असेल तरीही आधी विचारा, आणि डबीत वेगळं व्हिटॅमिन सी घातलंय का तेही बघा, कारण जास्त प्रमाणात घेतलं तर त्यानेही लघवीतलं ऑक्झलेट वाढतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असल्यास तेही सांगा. डॉक्टर चालू औषधं विचारतात तेव्हा क्रॅनबेरीचं नाव घ्या, आणि जमलं तर डबीच सोबत न्या.